पराभव जपणारी इमारत

(संस्थेच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरून एखादा विद्वान वक्ता बोलवायचा, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा कार्यकारिणीने ती कामगिरी आमच्यावर सोपविली. आम्ही विद्वान नव्हे. बँकेच्या काउंटरवर बसून नोटा मोजणारे आणि व्हाउचरवर शिक्के मारणारे कारकून आहोत. बी. ए. ला इतिहास विषय होता, एवढीच काय ती शिदोरी. म्हणून फार मोठा विषय न घेता एका लहानशा युद्ध-संग्रहालयाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे ठरविले. हे संग्रहालय सिंगापुरात एका जुन्या मोटार कारखान्याच्या इमारतीत आहे. सैन्याची संग्रहालये बहुधा जिंकलेल्या लढायांची असतात. हे हरलेल्या लढाईचे आहे.

विषय निवडण्याचे दुसरेही एक कारण आहे. आपले जुने समाजमंदिर पाडून तेथे नवी इमारत बांधण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे आलेला आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलणे झाले. आम्हाला त्याबद्दल जे वाटते ते या संग्रहालयाच्या निमित्ताने शेवटी सांगू.

आमचा पुतण्या सिंगापुरात नोकरीला असतो. त्याच्याकडे आम्ही उभयता आठ दिवस राहून आलो. आपल्याकडून जाणारी मंडळी सेंटोसा बेट, पक्ष्यांची बाग आणि मुस्तफाचे दुकान एवढे करून परत येतात. आम्हीही ते सर्व केले. सेंटोसावरच्या जुन्या किल्ल्यात शरणागतीच्या प्रसंगाचे मेणाचे पुतळे आहेत, त्यांच्याजवळ उभे राहून लोक फोटो काढून घेतात. पण तो प्रसंग जेथे खरोखर घडला ती जागा शहराच्या आतल्या भागात, बुकित तिमा नावाच्या टेकडीच्या बाजूला आहे. तेथे आमच्याबरोबर एक शाळेची सहल आणि दोन म्हातारी माणसे, एवढीच गर्दी होती. मुख्य रस्त्यापासून थोडी चढण चढून गेले की पांढरी, सरळ रेषांची, दुमजली दिसणारी एक दर्शनी बाजू लागते. पाटी वाचली नाही तर आपल्याकडच्या एखाद्या जुन्या गिरणीचे ऑफिस वाटावे.

फोर्ड कंपनीचा हा कारखाना १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बांधून पूर्ण झाला. सुटे भाग पेट्यांतून येत आणि येथे त्यांच्या मोटारी जुळविल्या जात. आग्नेय आशियातला अशा प्रकारचा पहिला कारखाना अशी त्याची ओळख सांगतात. ऑक्टोबर १९४१ हा महिना आपल्याही लक्षात राहण्यासारखा आहे. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी आपल्या पूर्वजांना लढाऊ जातींच्या यादीतून वगळून पलटणीचे दार बंद केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण काढली आणि काम सरल्यावर १९२१ साली ती मोडून टाकली. दुसरे महायुद्ध आले तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला आणि ते दार पुन्हा उघडले. हा इतिहास येथे बसलेल्या बुजुर्गांना आमच्यापेक्षा चांगला माहीत आहे. आमच्या मनात आले ते एवढेच, की बेळगावात आपली पोरे कवायत शिकू लागली त्याच दिवसांत तिकडे ज्या इमारतीला शेवटचा रंग दिला जात होता, तिच्यात साडेचार महिन्यांनी हिंदुस्थानच्या हजारो शिपायांच्या नशिबाचा निकाल लागायचा होता.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा मलायाच्या किनाऱ्यावर उतरल्या. तेथून सत्तर दिवसांत त्यांनी संपूर्ण द्वीपकल्प आणि सिंगापूर बेट घेतले. सुरुवातीला याच कारखान्यात इंग्रजांच्या हवाई दलाने मोटारींऐवजी लढाऊ विमाने जुळविली. पुढे विमानेच तेथून हलवावी लागली. फेब्रुवारीत बुकित तिमाचा परिसर जपान्यांच्या हाती पडला आणि त्यांचा सेनापती जनरल यामाशिता याने या कारखान्यात आपले ठाणे केले.

१५ फेब्रुवारी १९४२ हा रविवार होता. चिनी लोकांच्या नववर्षाचा तो पहिला दिवस. शहरात दहा लाखांच्या आसपास माणसे कोंडलेली, पाण्याचे तलाव शत्रूच्या ताब्यात, इस्पितळे भरून वाहणारी. संध्याकाळी पाचच्या सुमारास इंग्रजांचा सेनापती जनरल पर्सिव्हल हा तीन अधिकाऱ्यांसह, एक युनियन जॅक आणि एक पांढरे निशाण घेऊन, या कारखान्याकडे चालत आला. त्या चौघांचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले आहे. उंच, सडपातळ माणसे, गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या, डोक्यावर लोखंडी टोप. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नाही असे आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले गेले, त्यांचे ते रूप होते.

आत एका खोलीत लांबलचक टेबल होते. पर्सिव्हलला थोडी मुदत हवी होती, काही अटी बोलायच्या होत्या. यामाशिता टेबलावर हात आपटून एकच विचारीत राहिला, बिनशर्त शरण येता की नाही ते सांगा. आता गंमत अशी, की यामाशिताच्या हाताशी माणसे होती तीस हजारांच्या घरात आणि दारूगोळा संपत आलेला होता. लढाई गल्लीबोळांत शिरली तर आपण उघडे पडू ही धास्ती त्याला होती. समोरच्याकडे त्याच्या दुप्पट-तिपटीहून अधिक सैनिक होते. पण समोरच्याला हे माहीत नव्हते. सहा वाजून गेल्यावर सही झाली आणि रात्री साडेआठला तोफा थांबल्या. सुमारे ऐंशी हजार सैनिक एका सहीने कैदी झाले. मलायात आधी पकडले गेलेले धरले तर आकडा सव्वा लाखाच्या वर जातो. इंग्रजांच्या सबंध इतिहासात एवढी मोठी शरणागती दुसरी नाही.

ती खोली आज जशीच्या तशी मांडून ठेवलेली आहे. टेबल मात्र मूळचे नाही, नक्कल आहे. मूळचे टेबल ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे. ऑस्ट्रेलियाचेही सुमारे पंधरा हजार सैनिक त्या दिवशी कैद झाले, तेव्हा त्या टेबलावर त्यांचाही हक्क पोचतो. नक्कल आहे हे संग्रहालयवाले दडवीत नाहीत, हे आम्हाला फार आवडले. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नुसत्या कथेच्या बळावर जुन्या वस्तू ‘अस्सल’ होऊन बसतात. आमच्या बँकेत झेरॉक्सवर ‘खरी प्रत’ असा शिक्का असतो, पण तो मारणाऱ्याला आधी मूळ कागद पाहावा लागतो. इतिहासालाही एवढा नियम लावायला हरकत नसावी.

आता आपल्या माणसांकडे येऊ. शरणागतीनंतर दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, सिंगापुरातील फॅरर पार्क या मैदानावर हिंदुस्थानी सैनिकांना वेगळे काढून जमविण्यात आले. गोऱ्यांना चांगीकडे पाठविले होते. सुमारे पंचेचाळीस हजार माणसे त्या मैदानावर होती असे सांगतात. पंजाब, डोगरा, गढवाल, जाट, बलूच, गुरखा, शीख, अशा पलटणींची ही माणसे. आपली महार पलटण नुकतीच उभी राहत होती, ती तेथे नव्हती. या शिपायांतील कित्येक जण तर अगदी कोवळे रंगरूट होते. अनुभवी लोक काढून नव्या पलटणींना दिलेले, उरलेल्यांना धड शिक्षण नाही, आणि जे शिक्षण होते ते वाळवंटातल्या लढाईचे. त्यांना आणून सोडले रबराच्या मळ्यांत आणि जंगलात.

त्या मैदानावर एका इंग्रज कर्नलाने उभे राहून सांगितले की तुम्ही आता जपानी सरकारच्या ताब्यात आहात, त्यांचे हुकूम पाळा. मग जपानी मेजर फुजिवारा बोलला. त्यानंतर पंजाब पलटणीचे कॅप्टन मोहनसिंग यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी फौज उभारण्याचे आवाहन केले. विचार करा. ज्या सरकारचे मीठ खाल्ले ते दोन दिवसांपूर्वी आपल्याला दुसऱ्याच्या हवाली करून मोकळे झालेले आहे. घरी पत्र टाकण्याची सोय नाही. अशा वेळी पंचवीस वर्षांच्या शिपायाने निर्णय करायचा. हजारो जण त्या फौजेत गेले. हजारो जणांनी नकार दिला, आणि त्यांतील पुष्कळांना जपान्यांनी मजूर म्हणून न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर नेले. तेथून किती परतले याचे हिशेब ऐकवत नाहीत. फौजेत गेलेल्यांचीही वाट सरळ नव्हती. जपान्यांशी खटका उडून १९४२ च्या डिसेंबरात मोहनसिंगांना अटक झाली. १९४३ च्या जुलैत नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापुरात आले तेव्हा आझाद हिंद सेनेत पुन्हा जीव आला आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला तेथेच आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. या सेनेच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपैकी एक होते जगन्नाथराव भोसले, आपल्या सावंतवाडी भागातले. तेही सिंगापूरच्या पाडावात सापडलेले गढवाल पलटणीचे अधिकारी. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. पण साध्या शिपायाला अशी पायरी मिळाली नाही. आझाद हिंदच्या जवानांना स्वतंत्र भारताच्या लष्करात परत घेतले नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल.

गेले ते शूर आणि न गेलेले भित्रे, किंवा गेले ते फितूर आणि राहिलेले इमानी, अशी दोन्ही तऱ्हेची भाषणे आम्ही ऐकलेली आहेत. पंख्याखाली कॅशियरच्या खुर्चीत बसून त्यांचा निवाडा करणे आम्हाला जमत नाही. आम्हाला खटकली ती दुसरी गोष्ट. त्या दालनांत फिरताना इंग्रज अधिकाऱ्याचे नाव कळते, जपानी अधिकाऱ्याचे कळते, चिनी व्यापाऱ्याचे, शाळामास्तराचे नाव कळते. आपला शिपाई बहुतेक ठिकाणी आकड्यात भेटतो. दोष संग्रहालयाचा नाही. ज्यांनी आठवणी लिहिल्या, कागद जपले, मुलाखती दिल्या, त्यांची नावे भिंतीवर आली. भीमा कोरेगावच्या स्तंभापुढे आपण एक जानेवारीला उभे राहतो तेव्हा त्या दगडावरची ‘नाक’ने संपणारी नावे बोट ठेवून वाचता येतात. इंग्रजाने ती कोणत्या हेतूने कोरली ते सोडून द्या, कोरली म्हणून आपल्याला कळली. पंचेचाळीस हजारांचे एवढे मोठे मैदान, पण तेथे बोट ठेवावे असे नाव मिळत नाही.

सर्वांत जास्त वेळ आम्ही कोठे थांबलो असू, तर नोटांपाशी. सौ. पुढच्या दालनात जाऊन परत आल्या तरी आम्ही तेथेच. जपान्यांनी ताबा घेतल्यावर सिंगापूरचे नाव बदलून ‘स्योनान’ केले, घड्याळे दीड तास पुढे करून तोक्योच्या वेळेला लावली, सन १९४२ चे २६०२ केले, आणि स्वतःच्या नोटा काढल्या. दहा डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड छापलेले. लोक तिला केळीची नोटच म्हणू लागले. सुरुवातीच्या नोटांवर क्रमांक होते. पुढे क्रमांक गेले, नुसती अक्षरे राहिली. कागद हलका झाला, छपाई ढासळली.

बंधूंनो, नोटेचा क्रमांक जाणे म्हणजे काय हे बँकेतला माणूस सांगू शकतो. क्रमांक आहे तोवर ती नोट कोणाच्या तरी वहीत आहे, किती छापल्या याचा जाब विचारता येतो. क्रमांक गेला की छापणाऱ्याला कोणी विचारणारा उरत नाही. मग लागेल तेवढे छापायचे. तेच झाले. तांदूळ दिसेनासा झाला, साबुदाणा ज्याचा करतात तो टॅपिओकाचा कंद आणि रताळी यांवर लोकांनी दिवस काढले, आणि १९४५ पर्यंत बाजाराला जाताना नोटांची थैली न्यावी लागे. युद्ध संपले, इंग्रज परत आले, आणि त्यांनी या नोटा चलन म्हणून मानल्याच नाहीत. एका दिवसात घराघरांतील साठवण रद्दी झाली. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे पन्नास दिवस आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूने काढलेले आहेत. रांगेतल्या माणसाचे डोळे कसे दिसतात ते आम्हाला ठाऊक आहे. पण येथे रांग तरी होती. तेथे बदलून देणारा काउंटरच नव्हता.

आणखी एक हिशेब. चिनी समाजाने चीनच्या युद्धनिधीला मदत केली होती, म्हणून जपान्यांनी मलाया आणि सिंगापूरच्या चिन्यांकडून पाच कोटी डॉलरची ‘देणगी’ मागितली. घरेदारे विकूनही सुमारे दोन कोटी ऐंशी लाखच जमले. तेव्हा उरलेली रक्कम जपानच्याच योकोहामा स्पेशी बँकेकडून कर्ज म्हणून घ्यायला लावली. म्हणजे दंड जपानला, कर्ज जपानचे, आणि व्याजही जपानला. आपल्या खेड्यांतल्या सावकारांनाही हे सुचले नसते.

येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. ऐकायला जड जाईल, पण आपल्या व्यासपीठावर ती टाळून चालणार नाही. जपान हा बौद्ध देश म्हणून आपल्याला त्याच्याविषयी जिव्हाळा आहे. तेथून आलेल्या भिक्खूंचे आपल्या चळवळीवर उपकार आहेत. त्या देशाच्या सैन्याने सिंगापूर घेतल्यावर तीन दिवसांच्या आत चिनी पुरुषांची चाळण सुरू केली. अठरा ते पन्नास वर्षे वयाच्या सर्वांनी ठरलेल्या ठिकाणी हजर व्हावे असा हुकूम निघाला. कोणी जपानविरोधी आहे का, हे एका नजरेत, कधी कोणा बुरखाधाऱ्याच्या इशाऱ्यावर ठरे. सुटला त्याला ‘तपासले’ असा शिक्का मारलेला कागदाचा कपटा मिळे. कागद संपला तर दंडावर किंवा सदऱ्यावर शिक्का. म्हणतात, लोक तो दंड पाण्यापासून जपत. ज्यांना शिक्का मिळाला नाही त्यांना ट्रकमध्ये घालून समुद्रकाठी नेले आणि गोळ्या घातल्या. जपानी बाजूने कबूल केलेला आकडा पाच हजारांच्या आसपासचा, चिनी समाज पन्नास हजारांपर्यंत सांगतो. १९६२ साली एके ठिकाणी सांगाडे सापडू लागले, तेव्हा कोठे सगळ्यांचे मिळून स्मारक करण्याचे ठरले. ते १९६७ साली झाले. चार उंच खांब आहेत, त्या शहरातल्या चार समाजांचे म्हणून, त्यांतला एक भारतीयांचा.

मारणाऱ्यांच्या देशात विहार होते आणि मेलेल्यांच्या घरांतही बुद्धाची मूर्ती होती. पुतण्या आम्हाला म्हणाला, “काका, मग धम्माने काय केले?” त्याला आम्ही तेथे उत्तर दिले नाही. परत आल्यावर थोडे वाचन केले. जपानातील बऱ्याच पंथांनी त्या काळात सम्राटाच्या युद्धाला पाठिंबा दिला, त्याला धर्मकार्य म्हटले. हे लपविलेले नाही, त्यांच्याच लोकांनी लिहिले आहे. १९९२ साली सोतो या मोठ्या झेन पंथाने आपल्या युद्धकाळातील वर्तनाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. पन्नास वर्षे लागली. ज्यांना आपण आपले मानतो त्यांची चूक वाचताना आमचे मन थोडे मागे सरकले, हे खरे. पण बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो कोणत्याही देशाचा किंवा पंथाचा वकील होण्यासाठी दिलेला नाही. पुतण्याला आम्ही सोतो पंथाची माहिती पाठविली आहे. त्याचे समाधान झाले असे तो म्हणत नाही.

इमारतीची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. ताब्याच्या काळात तेथे जपानची निस्सान कंपनी लष्करी गाड्या तयार करी. युद्धानंतर फोर्ड कंपनी परत आली, १९४७ पासून पुन्हा मोटारी निघू लागल्या, आणि १९८० साली कारखाना कायमचा बंद झाला. जमीन मोक्याची. मागच्या बाजूची शेड गेली आणि तेथे राहण्याच्या इमारती उठल्या. पण शरणागतीची खोली असलेला दर्शनी भाग राखला गेला. २००६ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तेथे संग्रहालय उघडले.

पुढे दुरुस्ती करून १५ फेब्रुवारी २०१७ रोजी, पाडावाला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, ते नव्याने खुले झाले. त्या वेळी त्याला ‘स्योनान गॅलरी’ असे नाव दिले होते. जपान्यांनी शहराला दिलेले ते नाव. ज्यांच्या घरची माणसे त्या काळात गेली, ती कुटुंबे खवळली. सरकारचे म्हणणे असे, की त्या काळाचा गौरव करण्याचा हेतू नाही, त्या काळाची ओळख म्हणून नाव दिले. लोकांनी ते मानले नाही. दोन दिवसांत नाव उतरविले गेले आणि संबंधित मंत्र्यांनी क्षमा मागितली. आता नावात ‘जपानी ताब्यातून तग धरणे’ अशा अर्थाचे शब्द आहेत. हे ऐकून आमच्या मनात काय आले असेल ते तुम्हाला सांगायला नको. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने ठराव केला आणि विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या सोळा वर्षांत किती घरे जळाली, किती जीव गेले. नावात काय आहे, असा प्रश्न विचारणारा माणूस आम्हाला भेटतो तेव्हा त्याच्या नावाला कधी कोणी हात लावला नसावा असे आम्ही समजतो. असो.

आता समाजमंदिराविषयी. ते बांधले तेव्हा कोणी मोठा देणगीदार नव्हता. गिरणीतले, रेल्वेतले, पालिकेतले आणि पलटणीतून निवृत्त झालेले लोक रविवारी येऊन विटा वाहत, हे ज्येष्ठांनी सांगितलेले आहे. त्या भिंतींना ओल आहे, छप्पर गळते, मुलांच्या अभ्यासिकेला जागा पुरत नाही. नवी इमारत झाली पाहिजे, याला आमचा पाठिंबा आहे आणि मतदानात आम्ही तसाच हात वर करू. फक्त दर्शनी खोली आणि तिच्या दाराची चौकट राखून मागे कितीही मजले चढवावेत, अशी आमची सूचना आहे. तसे करता येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहून आलो. आर्किटेक्टला खर्च विचारून तो आकडा सभेपुढे ठेवावा. आकडा फारच मोठा निघाला तर आम्ही हट्ट धरणार नाही.

पण खोली राखून तिच्यात ठेवायचे काय? आपल्या वस्तीत पलटणीची पेन्शन खाल्लेली घरे कमी नाहीत. कोणाचे पणजोबा मेसोपोटेमियात गेलेले, कोणाचे आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर, कोणाचे वडील १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत. त्यांचे डिस्चार्जचे पुस्तक, पेन्शनचा कागद, गटाचा एखादा फोटो, पदक, हे सगळे कोठे आहे? एका घरी आम्ही स्वतः पाहिले, आजोबांचे पदक नातवाच्या मोटारसायकलच्या किल्लीला लावलेले. त्या मुलाचा दोष नाही. ते काय आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्ही सांगितल्यावर त्याने तेथल्या तेथे काढून खिशात ठेवले. दुसऱ्या एका घरी ट्रंक भंगारात गेली, कागदांसकट. त्या ट्रंकेत मानाचे कागद असतील, तसे न मानाचेही असतील. कोणाला शिक्षा झाली असेल, कोणी पळून आला असेल, कोणी कैदेत पडला असेल. तेही आणावेत. शौर्याचेच कागद हवेत अशी अट घातली तर निम्मी घरे आपल्याकडे येणार नाहीत.

तेव्हा विनंती अशी. मूळ वस्तू आम्हाला देऊ नका, ती घरातच राहू द्या. एक दिवस येथे आणा, आम्ही फोटो काढू, झेरॉक्स करू आणि नाव, पलटण, नंबर, गाव, साल एवढी नोंद करून तुमच्यासमोर वस्तू परत करू. पावती मिळेल. कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. पदके चकचकीत करण्यासाठी घासू नका. काही पदकांच्या कडेवर शिपायाचे नाव आणि नंबर कोरलेला असतो, तो झिजून जातो. ज्यांच्याकडे कागद नाहीत पण घरात कोणी म्हातारे माणूस आहे, त्यांनी त्या माणसालाच घेऊन यावे. जिना चढवत नसेल तर निरोप द्या, आम्ही घरी येऊ. शनिवारी, दुसरा आणि चौथा, आमच्या बँकेला सुटी असते.

यासाठी एक रजिस्टर बांधून आणले आहे. पाने क्रमांक घातलेली आहेत. बाहेर चहाची व्यवस्था आहे तेथेच टेबलावर ते ठेवलेले आहे.

जयभीम.